वस्तू सांभाळणारे हात

टेबलावर मऊ फोमची जाड गादी अंथरलेली आहे. तिच्यावर धुतलेलं पांढरं कापड आणि त्यावर मातीचं एक जुनं मडकं. विद्यार्थिनीने अंगठ्या, घड्याळ, गळ्यातली साखळी आधीच काढून ठेवली आहे. मडकं ती काठाला धरून उचलत नाही. एक हात बुडाखाली, दुसरा पोटाशी, असं दोन्ही हातांनी उचलते. जुन्या भांड्याचा काठ कधीतरी फुटून चिकटवलेला असू शकतो, आणि तो नेमका आपल्या हातात येतो. मडकं अलगद आडवं करून, बाजूंना वाळूच्या छोट्या पिशव्यांची टेकणं लावून ती बुडाजवळ जागा शोधते. नक्षीवर नको, मडकं जमिनीला टेकतं तिथे नको, मांडल्यावर दिसेल तिथेही नको. जागा ठरली की अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पारदर्शक राळेचा नखाएवढा पट्टा ओढायचा. तो पुरता वाळू द्यायचा. मग त्यावर बारीक टाकाने आकडे लिहायचे: १९७८.१४.३. शाई वाळली की वरून राळेचा आणखी एक हात.

हे आकडे म्हणजे त्या मडक्याचं आधार कार्ड. १९७८ साली संग्रहालयात आलेलं, त्या वर्षी दाखल झालेल्या चौदाव्या गटातलं, आणि त्या गटातली ही तिसरी वस्तू. क्रमांक हरवला तरी मडकं जागेवरच राहतं. पण ते कुणी घडवलं, कुठल्या गावचं, कुणी दिलं, त्यात काय साठवायचे, हे सगळं त्याच्यापासून तुटतं. खालचा राळेचा थर वेगळ्या कारणासाठी आहे. उद्या क्रमांक चुकलेला निघाला तर अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने तो पुसता यावा आणि मडक्याच्या अंगावर कसलीही खूण राहू नये, म्हणून तो थर. संग्रहालयातल्या कामाचा पहिला नियम त्या थरात आहे: वस्तूवर जे कराल, ते पुढे कुणालाही काढून टाकता आलं पाहिजे.

हे काम शिकायला पीएच.डी. लागत नाही. स्थिर हात लागतो, शिस्त लागते, आणि ही वस्तू आपल्या आधीपासून आहे, आपल्यानंतरही राहायची आहे, याचं भान लागतं. अमेरिकेत हे शिक्षण दोन वर्षांच्या कॉलेजातूनही घेता येतं, आणि त्याची सगळ्यात बोलकी कहाणी न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता फे शहरात घडली. ती सांगण्यामागे माझा एक आग्रह आहे. संग्रहालय खरोखर कुणाचं आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर आतल्या वस्तू कुणाच्या हातात आहेत ते बघावं.

पेढीवरचा माणूस आणि ग्रंथपाल

संग्रहालयात काम करायला शिकवावं लागतं, ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेतल्या संग्रहालयांची राष्ट्रीय संघटना १९०६ साली स्थापन झाली, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत शिकवण्याचे दोन वेगळे रस्ते तयार झाले.

पहिला रस्ता हार्वर्ड विद्यापीठातून गेला. पॉल सॅक्स हे ‘गोल्डमन सॅक्स’ या पेढीच्या घराण्यातले. पेढीवरचं काम सोडून ते हार्वर्डच्या फॉग कलासंग्रहालयात आले आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९४८ पर्यंत त्यांनी संग्रहालयाचा अभ्यासक्रम चालवला. चित्रं, रेखाटनं विद्यार्थ्यांच्या हातात देऊन ती पाहायला शिकवायचं, ही त्यांची पद्धत. न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’चे पहिले संचालक आल्फ्रेड बार त्यांचेच विद्यार्थी. या वर्गाने अमेरिकेच्या मोठ्या कलासंग्रहालयांना संचालक पुरवले.

दुसरा रस्ता न्यू जर्सीतल्या नेवार्क या कारखान्यांच्या शहरातून निघाला. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल जॉन कॉटन डेना यांनी १९०९ साली संग्रहालय सुरू केलं. संग्रहालय देवळासारखं उंच, दूर आणि गप्प असू नये, शहरातल्या कामकरी माणसाच्या उपयोगी पडावं, असं ते मानत. रोजच्या वापरातल्या, स्वस्तातल्या पण नीट घडवलेल्या वस्तूही त्यांनी दालनात मांडल्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दौती आणि वज्री पाहून थबकलेल्या मराठी वाचकाला डेनांचं म्हणणं वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. १९२५ साली डेनांनी उमेदवारीचा वर्ग सुरू केला: संग्रहालयात राहून, संग्रहालयाची सगळी कामं करत शिकायचं. या वर्गात शिकलेल्या डोरोथी मिलर पुढे ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’च्या नावाजलेल्या अभिरक्षक झाल्या.

आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ साली संग्रहालयशास्त्राचा विभाग उघडला. सॅन फ्रान्सिस्कोच्या कलासंग्रहालयाच्या पहिल्या संचालक ग्रेस मॉर्ली १९६० साली दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संचालक झाल्या आणि उरलेलं आयुष्य त्यांनी भारतातच घालवलं. पण भारतात हा विषय बहुतेक ठिकाणी पदवीनंतर शिकवला जातो. बारावीनंतरच्या मुलाला किंवा चाळिशीत नवी वाट धरू पाहणाऱ्या बाईला थेट दार उघडं असावं, ही डेनांच्या जातकुळीतली गोष्ट अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजाने शक्य केली.

दारात न अडवणारं कॉलेज

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगायचं तर आपलं आयटीआय, पदविका संस्था आणि पदवीची पहिली दोन वर्षं एकाच आवारात आणली तर जे होईल ते. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात १९०१ साली, एका हायस्कूलच्या आधाराने, सहा विद्यार्थ्यांवर असं पहिलं सरकारी कॉलेज सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या सैनिकांना शिक्षणाची सोय हवी होती. अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली अशा कॉलेजांचं जाळं देशभर पसरवण्याची शिफारस केली, आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव तिथून रूढ झालं.

आज अशी सुमारे हजार कॉलेजं आहेत. हायस्कूल झालेल्या कुणालाही बहुधा प्रवेश मिळतो. साधारण साठ क्रेडिट पूर्ण केले की ‘असोसिएट’ ही दोन वर्षांची पदवी हाती येते. त्याहून छोटं, एखाद्या कौशल्यापुरतं प्रमाणपत्रही घेता येतं. फी विद्यापीठापेक्षा बरीच कमी. वर्ग संध्याकाळीही भरतात, त्यामुळे दिवसा दुकानात काम करणारा मुलगा, नुकतीच आई झालेली मुलगी आणि निवृत्त शिक्षक एकाच बाकावर बसलेले दिसतात. मिळवलेले क्रेडिट घेऊन पुढे विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाता येतं. अमेरिकेत राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांनी हा मार्ग मुलांसाठी वापरलेला आहे.

संग्रहालयाच्या दृष्टीने या कॉलेजाचं एक मोठं बलस्थान आहे, आणि त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. संग्रहालयाला लागणारी बहुतेक कौशल्यं तिथे आधीपासूनच शिकवली जातात. सुतारकाम आहे, वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, छायाचित्रणाची स्टुडिओ-खोली आहे, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आहे, संगणकावरची डेटाबेसची कामं आहेत, लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण आहे. विद्यापीठाच्या कलेतिहास विभागात डाख द्यायची जागा क्वचितच सापडेल; इथे ती दोन दारं सोडून असते.

सांता फे

आता त्या एका कॉलेजाकडे जाऊ. ‘इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकन इंडियन आर्ट्स’ हे त्याचं नाव.

ते जिथे सुरू झालं त्या आवाराचा इतिहास आधी सांगायला हवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन सरकारने मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा काढल्या. पेनसिल्व्हेनियातली कार्लाइलची शाळा १८७९ ची, सांता फेची १८९० ची. मुलांना घरापासून तोडायचं, केस कापायचे, गणवेश घालायचा, मातृभाषा बोलली तर शिक्षा करायची, असं या शाळांचं धोरण होतं. त्याच काळात संग्रहालयांसाठी वस्तू गोळा करणारी पथकं त्याच जमातींच्या गावांत फिरत होती. १८७९ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेसाठी जेम्स स्टीव्हन्सन यांचं पथक न्यू मेक्सिकोतल्या झूनी गावात पोचलं, आणि पुढच्या काही वर्षांत हजारो वस्तू पूर्वेकडे रवाना झाल्या. मुलं शाळांमध्ये गेली, मडकी संग्रहालयांमध्ये गेली. ती मडकी करायची रीत आणि त्यांची नावं ज्या भाषेत होती, ती भाषा मुलांच्या तोंडून काढून घेतली जात होती.

१९६२ साली सांता फेच्या त्याच शाळेच्या आवारात ही कलासंस्था उभी राहिली. चेरोकी वंशाचे कलाकार लॉइड किव्हा न्यू हे तिचे कलाविभागप्रमुख होते. आपल्या परंपरेत पाय रोवा, पण बाजाराला हवी तशीच ठरावीक चित्रं काढू नका, अशी त्यांच्या शिकवणीची दिशा. चित्रकार टी. सी. कॅनन तिथे शिकले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कवी म्हणून निवड झालेल्या जॉय हार्जोही तिथल्याच विद्यार्थिनी. विद्यार्थ्यांची निवडक कामं संस्था जपून ठेवत गेली आणि त्यातून हळूहळू समकालीन मूळ रहिवासी कलेचा एक मोठा संग्रह तयार झाला.

संग्रह झाला म्हणजे तो सांभाळणारी माणसं आली. १९७५ साली संस्था दोन वर्षांची पदवी देणारं कॉलेज झाली, आणि त्या दशकात संग्रहालयशास्त्र हा तिथला महत्त्वाचा विषय बनला. वर्ग आणि संग्रहालय वेगळे नव्हते. नोंदी करायच्या, भिंती रंगवायच्या, चित्रं टांगायची, दिवे लावायचे, माहितीफलक लिहायचे, शाळेची सहल आली की तिला फिरवायचं, सगळं विद्यार्थीच करत. १९९२ साली संस्थेचं संग्रहालय गावाच्या मध्यभागी, कॅथेड्रलसमोरच्या जुन्या सरकारी इमारतीत आलं. २००१ पासून संस्था चार वर्षांची पदवीही देऊ लागली. संग्रहालयशास्त्र तिथे आजही शिकवलं जातं.

ही संस्था एकटी नव्हती. १९६८ साली नवाहो जमातीने स्वतःचं कॉलेज काढलं, तेव्हा त्याचं नावच ‘नवाहो कम्युनिटी कॉलेज’ होतं. आजचं ‘दिने कॉलेज’ ते हेच. जमातींनी चालवलेली अशी कॉलेजं पुढे ठिकठिकाणी उभी राहिली, आणि १९७८ साली त्यांना आर्थिक साह्य देणारा कायदा झाला. जमातीची भाषा, जमातीचा इतिहास, जमातीची कागदपत्रं आणि वस्तू सांभाळण्याची कौशल्यं आपल्याच मुलांना आपल्याच अंगणात शिकवायची, हा त्यांचा निर्धार. ज्या मुलांच्या पणजोबांची मडकी काचेआड गेली, ती मुलं आता त्याच काचेची किल्ली हाती घ्यायला शिकत होती.

वर्गात काय शिकतात

अभ्यासक्रमाची नावं कोरडी वाटतात: संग्रहव्यवस्थापन, प्रदर्शन-रचना, प्रतिबंधक जतन, कायदे आणि नीती. आतलं काम मात्र आपल्या घरातल्या कितीतरी जुन्या शहाणपणाशी नातं सांगतं.

आजीने पैठणी कशी ठेवली होती ते आठवा. सुती मलमलीत गुंडाळून, अंधाऱ्या पेटीत, आणि वर्षातून एकदा घडी मोडून नव्या जागी. घडी त्याच ठिकाणी राहिली तर जर तिथेच तुटते, हे तिला माहीत होतं. संग्रहालयात तेच तत्त्व पुढे नेतात. नाजूक कापड शक्यतो घडीच न घालता रुंद नळीवर गुंडाळतात, मध्ये आम्लरहित कागद घालतात. दालनातला उजेडही मोजतात. कापड, कागद, पिसं, नैसर्गिक रंग अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. दिवसाच्या उजेडातून आत आल्यावर ते दालन अंधुक वाटतं ते यामुळे. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, आणि थोडा-थोडा उजेडही साठत जाऊन तेवढंच नुकसान करतो.

किडीचा धडा असाच. लोकर, कातडं, पिसं यांचा शत्रू म्हणजे कसर आणि गालिच्याला लागणारे बारीक भुंगेरे. आपण पुस्तकांत कडुलिंबाचा पाला ठेवतो. तिथले विद्यार्थी कोपऱ्याकोपऱ्यात चिकट सापळे ठेवतात, आठवड्याला त्यात अडकलेले किडे मोजतात आणि कोणत्या खोलीत कोणती कीड वाढते आहे याचा तक्ता ठेवतात. कीड लागलेली वस्तू प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे २० अंश किंवा त्याहून कमी तापमानात आठवडाभर किंवा जास्त ठेवली की अंडी-अळ्यांसकट ती मरते, आणि कसलंही औषध मारावं लागत नाही.

औषध मारण्याला एवढा विरोध का, यामागे कटू अनुभव आहे. विसाव्या शतकातही बराच काळ संग्रहालयांनी किडीपासून वाचवण्यासाठी वस्तूंवर आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगं चोळली. नोंदी धड ठेवल्या नाहीत. आता एखादा मुखवटा किंवा पिसांचा शिरटोप जमातीला परत मिळतो, तेव्हा तो पुन्हा डोक्यावर चढवता येईल का, हा जिवावरचा प्रश्न होऊन बसतो. म्हणून विषाची तपासणी कशी करायची, हातमोजे कधी घालायचे आणि परत नेणाऱ्या कुटुंबाला काय सांगायचं, हे सगळं आज शिकवावं लागतं.

पदवीनंतरच्या वाटा

संग्रहालयातली नोकरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अभिरक्षक म्हणजे क्युरेटर येतो. त्या पदाला बहुधा एम.ए. किंवा पीएच.डी. लागते, आणि जागा थोड्या. पण एका क्युरेटरच्या मागे कितीतरी माणसं राबत असतात.

रजिस्ट्रार हा संग्रहालयाचा तलाठीच म्हणा ना. कोणती वस्तू कुठून आली, कुणाच्या मालकीची, कुठल्या फडताळात आहे, विमा किती, उसनी दिली असेल तर परत कधी यायची, हा सगळा सातबारा त्याच्याकडे. मौल्यवान वस्तू दुसऱ्या संग्रहालयात जाते तेव्हा कधीकधी रजिस्ट्रारच पेटीबरोबर प्रवास करतो. पेटी पोचल्यावर लगेच उघडत नाहीत. साधारण चोवीस तास ती तशीच ठेवून आतली हवा बाहेरच्या हवेशी जुळू देतात.

प्रिपरेटर वस्तू मांडतो, पेट्या बनवतो, भिंती उभारतो. माउंटमेकर पितळी सळई वाकवून, डाख देऊन वस्तूला तिच्या मापाचा आधार तयार करतो. वस्तू टेकेल तिथे मऊ फेल्ट लावतो आणि सळई आसपासच्या रंगात रंगवतो. काम चोख झालं असेल तर प्रेक्षकाला वाटतं, कंकण हवेत तरंगतंय. या कारागिराचं नाव फलकावर नसतं, पण भूकंपात तेच कंकण त्याच्यामुळे जागचं हलत नाही.

शिक्षण विभागात शाळांच्या सहली, अंध पाहुण्यांसाठी स्पर्शाने अनुभवायची दालनं, सुट्टीतली शिबिरं. डिजिटायझेशन विभागात छायाचित्रण आणि नोंदी. एक उदाहरण पुरेसं आहे. न्यूयॉर्कच्या जॉर्ज हाय यांनी गोळा केलेल्या सुमारे आठ लाख वस्तू १९८९ च्या कायद्याने स्मिथसोनियनच्या ‘नॅशनल म्युझियम ऑफ द अमेरिकन इंडियन’कडे आल्या. ब्राँक्समधल्या कोंदट कोठारातून मेरीलँडमधल्या नव्या केंद्रात त्या हलवायला काही वर्षं लागली. प्रत्येक वस्तू तपासून, छायाचित्र काढून, बांधून न्यायची होती. वॉशिंग्टनमधलं संग्रहालय २००४ साली उघडलं ते या अबोल कामाच्या पायावर.

संवर्धक, म्हणजे वस्तूवर उपचार करणारा तज्ज्ञ, व्हायचं असेल तर पुढे पदव्युत्तर शिक्षण आवश्यक. त्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशाला सेंद्रिय रसायनशास्त्रासकट रसायन, कलेतिहास आणि हाताने केलेलं कलाकाम अशा तिन्हींची तयारी लागते. ही तयारी कमी खर्चात करून घ्यायला कम्युनिटी कॉलेजाइतकी सोयीची जागा नाही. याशिवाय लिलावगृहं, कलावस्तूंची वाहतूक करणाऱ्या कंपन्या, दप्तरखाने, राष्ट्रीय उद्यानं, जुने वाडे, वनस्पती उद्यानं, प्राणिसंग्रहालयं, सगळीकडे ही कौशल्यं चालतात.

पगाराबद्दल स्पष्ट बोलायला हवं. या क्षेत्रात फार पैसा नाही, जागांसाठी चढाओढ आहे, आणि बिनपगारी उमेदवारीची प्रथा गरीब घरच्या मुलांना बाहेर ठेवत आली आहे. म्हणून माझा सल्ला एवढाच: पहिल्याच सत्रात जवळच्या छोट्या संग्रहालयात पाऊल टाका, पैसे मिळणारी उमेदवारी शोधा, आणि संग्रहालयशास्त्राबरोबर एक हातचं कौशल्य पक्कं करा. सुतारकाम, छायाचित्रण, डेटाबेस, काहीही चालेल. छोट्या संग्रहालयात एकच माणूस रजिस्ट्रारही असतो, सुतारही असतो आणि शाळेची सहल फिरवणाराही असतो. तिथे असा माणूस सोन्याच्या मोलाचा. भारतात राहून शिकायचं असेल तर बडोदा आहे, आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने संग्रहालयशास्त्राचं शिक्षण दिलेलं आहे. पण पदवीआधीची दोन वर्षांची, हात तयार करणारी वाट आपल्याकडेही रुंद व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

घरी परतणाऱ्या वस्तू

१६ नोव्हेंबर १९९० रोजी अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या संग्रहालयांनी मूळ रहिवाशांचे मानवी अवशेष, त्यांच्या कबरींतल्या वस्तू आणि पवित्र वस्तूंच्या याद्या करायच्या, त्या जमातींना कळवायच्या, आणि जमातीने हक्क सांगितला तर परत करायच्या. जानेवारी २०२४ पासून नियम आणखी कडक झाले: जमातीची संमती घेतल्याशिवाय अशा गोष्टी मांडायच्या नाहीत, त्यांवर संशोधन करायचं नाही. न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी’ने त्याच महिन्यात दोन मोठी दालनं बंद केली.

या कायद्याने एक नवं काम जन्माला घातलं. संग्रहालयांना आणि जमातींनाही परतीचे समन्वयक लागले: जुन्या नोंदवह्या वाचणारे, ज्येष्ठांशी त्यांच्या भाषेत बोलणारे, कायद्याचे कागद भरणारे. सांता फेसारख्या कॉलेजात शिकलेली मुलं या कामासाठी जणू घडवलेलीच होती. त्यांना क्रमांकही वाचता येतो, आणि त्या क्रमांकामागची प्रार्थनाही कळते.

वस्तू सांभाळणं म्हणजे काय, हेसुद्धा जमातींनी बदललं, आणि तेही कायद्याच्या आधीपासून. वॉशिंग्टन राज्याच्या टोकाला, समुद्रकाठी मकाह जमात राहते. १९७० च्या हिवाळ्यात वादळाने ओझेट इथला किनारा धुपला आणि काही शतकांपूर्वी चिखलाच्या लोंढ्याखाली गाडली गेलेली घरं दिसू लागली. जमातीने पुरातत्त्वज्ञ रिचर्ड डॉहर्टी यांना बोलावलं, आणि अकरा वर्षांच्या उत्खननातून सुमारे ५५ हजार वस्तू निघाल्या. वस्तू गावाबाहेर जाणार नाहीत, हे जमातीने ठरवलं होतं. ओल्या लाकडात मेणासारखं रसायन मुरवून ते टिकवायला गावातली मुलं शिकली, आणि १९७९ साली नीआ बे इथे त्यांचं संग्रहालय उघडलं. कोठारातली मांडणी त्यांनी मकाह भाषेच्या वर्गवारीनुसार केली. आपल्या भाषेत ज्या वस्तू एका कुळातल्या, त्या फडताळावरही शेजारी.

झूनींची गोष्ट आणखी खोल जाते. अहायुदा या जुळ्या युद्धदेवतांच्या लाकडी मूर्ती ते कोरतात आणि डोंगरातल्या उघड्या ठाण्यावर ठेवतात. ऊन, वारा, पाऊस झेलत त्या मूर्तींनी मातीत मिसळावं, त्यातच त्यांचं रक्षणाचं सामर्थ्य आहे, अशी श्रद्धा. ठाण्यांवरून उचललेल्या मूर्ती संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत पोचल्या होत्या. १९७८ पासून, म्हणजे कायद्याच्या बारा वर्षं आधीपासून, झूनींनी शांतपणे, एकेका संग्रहालयाशी बोलून त्या परत मागायला सुरुवात केली. स्मिथसोनियनने १९८७ साली मूर्ती परत केल्या. आज त्या चोरांपासून सुरक्षित, पण आभाळाखालीच आहेत, आणि हळूहळू झिजत आहेत.

टिकवणं हाच धर्म मानणाऱ्या क्षेत्राला हे पचवणं सोपं नव्हतं. काही वस्तूंचा सांभाळ म्हणजे त्यांना जाऊ देणं, हे त्यांच्या माणसांनीच समजावून सांगावं लागलं. आपण गणपती दहा दिवस जिवापाड सांभाळतो आणि अनंत चतुर्दशीला पाण्यात सोडतो. आपल्याला हे कळायला जड जाऊ नये.

परत जाणाऱ्या वस्तूची शेवटची तपासणी त्या फोमच्या गादीवरच होते. अंगठ्या, घड्याळ काढून ठेवायचं, एक हात बुडाखाली, दुसरा पोटाशी. घरच्यांची तशी इच्छा असेल तर अ‍ॅसिटोनचा बोळा क्रमांकावरून अलगद फिरवायचा. पूर्वी कुणीतरी नखाएवढा पट्टा नीट वाळू दिला होता, म्हणून आकडे सहज निघून येतात, आणि त्यांच्याखालून मडक्याची मूळ माती जशीच्या तशी दिसू लागते.